फ्रेंच लेव्हल 1: अख्खा सेमिस्टर बसल्यानंतरचा रिव्ह्यू

5 पैकी 4 स्टार देतेय. एक स्टार का कापला ते खाली सांगतेच, पण आधीच सांगून टाकते की क्लास घ्या. ज्यांच्या कॉलेजात बिगिनर फ्रेंच इलेक्टिव्ह म्हणून आहे आणि जे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत घेऊ की नको करत बसतात त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मी पण तशीच बसले होते आणि विचारलं की एकतर "स्कोअरिंग आहे, घेऊन टाक" नाहीतर "उच्चार जमत नाहीत, सोड" एवढंच ऐकायला मिळायचं. यातलं कुठलंच पूर्ण खरं नाही.

माझं आधीचं फ्रेंच शून्य होतं. शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी, बस. क्लास आठवड्याला 4 तास, 15 आठवडे, म्हणजे कागदावर 60 तास, त्यातून सुट्ट्या, टेस्ट आणि रद्द झालेली लेक्चरं वजा केली तर पन्नासेक तास प्रत्यक्ष हातात आले.

पहिल्या तासाला मादाम आत आल्या (सगळे मादामच म्हणतात, मी पण इथे तेच म्हणणार) आणि पहिली वीस मिनिटं त्यांनी इंग्रजीचा एक शब्द काढला नाही. स्वतःकडे बोट, "ज मापेल" आणि नाव, मग समोरच्याकडे हात, "ए वू?" आणि थांबून राहिल्या. पहिल्या बाकावरचा मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग त्याने पण ज मापेल म्हणून नाव सांगितलं, आणि वीस मिनिटांत सगळ्या वर्गाने एक फ्रेंच वाक्य तोंडाने म्हटलं होतं, कुणीच वहीत काही लिहिलं नव्हतं. मला या क्लासमधलं सगळ्यात जास्त आवडलेलं हेच, की आधी कान, मग तोंड, आणि लिहिणं सगळ्यात शेवटी. फ्रेंचला हाच क्रम लागतो, का ते सांगते.

फ्रेंचमध्ये जे लिहिलेलं असतं त्यातलं बरंच काही बोलायचंच नसतं. पार्ले म्हणजे बोलणं हे क्रियापद घ्या. मी, तू, तो आणि ते या चारही रूपांचं स्पेलिंग बघितलं तर शेवटी कुठे काही नाही, कुठे एस, कुठे ईएनटी अशी तीन अक्षरं, पण कानाला चारही नुसतं "पार्ल". फक्त आम्ही आणि तुम्ही वेगळे, पार्लों आणि पार्ले. म्हणजे सहा रूपांपैकी चार सारखीच ऐकू येतात. आता हेच तुम्ही आधी पुस्तकातून तक्ता पाठ करून शिकलात तर ते ईएनटी डोळ्यासमोर राहतं आणि तोंडातून पार्लेंट असं काहीतरी निघतं, आणि एकदा बसलेलं ते पुसायला फार वेळ लागतो. आमच्या वर्गातल्या चारपाच जणांनी सुट्टीत ॲपवर वाचून वाचून सुरुवात केली होती, त्यांना सेमिस्टर संपेपर्यंत मादाम तिथेच अडवत होत्या.

मादामनी एक सोपी आठवण करून दिली होती ती सांगते. शेवटचं अक्षर मुकं असणं आपल्याला नवीन नाहीच, डेपो, बॅले, बुके हे शब्द आपण रोज वापरतो आणि तिन्हींच्या स्पेलिंगमध्ये शेवटी टी आहे, आपण कधी डेपोट म्हणतो का? ते शब्द फ्रेंचमधूनच आलेत. शेवटी सी, आर, एफ किंवा एल असेल तर बहुतेक वेळा उच्चार होतो, बाकीची व्यंजनं बहुतेक वेळा गप्प. अपवाद आहेत, पार्लेच्याच शेवटी आर आहे आणि तो मुका आहे, पण सुरुवातीला एवढ्या नियमावर निम्म्याहून जास्त शब्द बरोबर वाचता येतात.

मग मुकं अक्षर अचानक जागं होतं ते लिएझों. "ले" आणि "आमी" वेगवेगळे म्हटले तर तसेच, पण एकत्र आले की लेझामी, म्हणजे मित्रमंडळी. आपल्याकडे संधी आहे म्हणून मला हे पटकन पटलं, दोन शब्द शेजारी आले की मधला आवाज बदलतो यात मराठी माणसाला विचित्र वाटण्यासारखं काही नाही. पण इथे नुसता कानाला गोड वाटण्याचा प्रश्न नसतो, अर्थ बदलतो. "इल्झों" म्हणजे त्यांच्याकडे आहे, "इल्सों" म्हणजे ते आहेत. एक झ आणि एक स, एवढाच फरक. आणि जिथे जोडायचं नाही तिथे जोडलं तर वेगळीच पंचाईत, हीरो लोक म्हणायचं तर "ले एरो" असं तोडून म्हणायचं, जोडून "ले झेरो" म्हटलं तर त्याचा अर्थ शून्यं. मादामनी यावर एक अख्खा तास घालवला, दोघादोघांच्या जोड्या लावल्या, एकाने वाक्य म्हणायचं आणि दुसऱ्याने बोटाने दाखवायचं की झ ऐकला की स. पहिल्या फेरीत माझी दहापैकी चार बरोबर आली, तासाच्या शेवटी नऊ. एका तासात कान इतका बदलतो हे मला खरंच माहीत नव्हतं आणि हे घरी एकटं बसून झालं नसतं, समोर चुकणारं आणि चूक पकडणारं दुसरं माणूस लागतं.

आवाजांबद्दल अजून थोडं, कारण सगळे यालाच घाबरतात. नाकातले स्वर आपल्याला अवघड जायचं कारण नाही. आपण ऐकू आलं नाही की "अँ?" म्हणतो आणि आश्चर्य वाटलं की "आँ!" म्हणतो, तोंडाला सवय आहेच, फक्त आपण ते शब्दाच्या आत वापरत नाही. "अँ बों वॅं ब्लाँ" हे चार शब्दांचं वाक्य वर्गात म्हणून घेतात कारण त्यात चारही नाकातले स्वर ओळीने येतात, आम्ही दर तासाच्या सुरुवातीला ते म्हणायचो, गाण्याच्या क्लासला सूर लावतात तसं. खरा त्रास होतो तो य़ू म्हणावं की ऊ अशा त्या मधल्या स्वराचा. तो ना ऊ आहे ना यू, ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं, मग तो निघतो. मी इथे देवनागरीत त्याला "यू" लिहितेय पण तो तसा नाही हे लक्षात असू द्या. आणि हा आळस करून चालत नाही कारण "दस्यू" म्हणजे वर आणि "दसू" म्हणजे खाली, एकदम उलटे अर्थ. त्या घशातल्या र साठी मादाम म्हणाल्या की जीभ खाली ठेवून द्या, तिला काही करू देऊ नका, आणि ख म्हणतो त्या जागेवरून हवा घासून काढा. माझा तिसऱ्या आठवड्यात आला. शेजारचीचा शेवटपर्यंत साधा मराठी र राहिला आणि तिला तोंडी परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले, कारण तिची वाक्यं पूर्ण असायची. म्हणजे र वरून कुणी क्लास सोडू नका.

आता स्टार कापण्याचं कारण, ते शिकवण्याचं नाहीये, व्यवस्थेचं आहे. वर्गात आम्ही 42 जण. भाषेच्या वर्गात 42 म्हणजे फारच, 50 मिनिटांच्या तासात प्रत्येकाला एक मिनिट सुद्धा बोलायला मिळत नाही. मादामनी जोड्या लावून लावून ते जमेल तेवढं भरून काढलं पण जोडीत दोघंही चुकत असतील तर सांगणार कोण. ऑडिओ पुढच्या भिंतीवरच्या एका स्पीकरवर लागायचा, पंख्याचा आवाज, मागे बसलेल्यांना अर्धं कळायचं नाही, आणि जी भाषा मुख्यतः कानाने शिकायची तिच्यासाठी ही गोष्ट छोटी नाही. लँग्वेज लॅब आहे असं माहितीपत्रकात होतं, प्रत्यक्षात आम्ही तिथे दोनदा गेलो आणि त्यातही निम्मे हेडफोन बंद. मी तिसऱ्या आठवड्यापासून पहिल्या बाकावर जाऊन बसले आणि सरळ फरक पडला, तुम्ही पहिल्या दिवसापासूनच बसा.

दुसरी तक्रार, बिगिनर वर्गात सगळे बिगिनर नव्हते. सातआठ जण शाळेत तीनचार वर्षं फ्रेंच शिकून आलेले, मार्क सोपे मिळतील म्हणून बसलेले. त्यात त्यांचं वाईट काही नाही पण प्रश्न विचारला की उत्तर त्यांच्याकडून लगेच यायचं आणि खरे नवे लोक मनात वाक्य जुळवत असतानाच विषय पुढे गेलेला असायचा, आणि मग दुसऱ्याच आठवड्यात वाटायला लागतं की आपल्यालाच येत नाही. मला पण वाटलं होतं. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी पाच मिनिटं तोंडी विचारून त्यांना वरच्या लेव्हलला घातलं तर त्यांचं पण भलं होईल. तुमच्या वर्गात असं असेल तर एवढंच ध्यानात ठेवा की त्यांची सुरुवात चार वर्षांपूर्वी झाली, तुमची परवा, आणि त्यांच्यापैकीच एखाद्याला जोडीदार म्हणून पकडा. मी तेच केलं आणि त्या मुलीने मला जेवढं बोलायला लावलं तेवढं कुणीच लावलं नाही.

तिसरी तक्रार परीक्षेची. वर्ग तोंडी, आणि परीक्षा 100 मार्कांची, त्यात बोलण्याला फक्त 10. बाकी सगळं गाळलेल्या जागा भरा, रूपं लिहा, उतारा वाचा. डेल्फची ए1 म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीची परीक्षा बघा, ती फ्रान्सच्या शिक्षण खात्याची परीक्षा आहे, तिच्यात ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं प्रत्येकाला सारखे 25 मार्क, एकूण 100 पैकी 50 ला पास आणि कुठल्याही एका भागात 5 पेक्षा कमी पडले तर नापास, म्हणजे नुसतं लिहून कुणी पुढे जाऊ शकत नाही. कॉलेजच्या परीक्षेने पण असंच करायला पाहिजे. नाहीतर होतं काय की परीक्षा जवळ आली की सगळे बोलणं सोडून तक्ते घोकायला लागतात, आमच्याकडे शेवटचे चार आठवडे हेच झालं, त्यात भूतकाळ म्हणजे पासे कोंपोझे शेवटच्या तीन आठवड्यांत कोंबला.

आणि आता मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते. आमचं पुस्तक व्याकरण इंग्रजीतून समजावतं. वर्गात पण अडलं की इंग्रजी. मी पहिला महिनाभर फ्रेंच वाक्य आलं की मनात इंग्रजी करायची आणि मग कळायचं, आणि दर वेळी कुठेतरी अडायचं. मग एकदा मादामनी फळ्यावर त्यूत्वाये आणि वूव्वाये ही दोन क्रियापदं लिहिली, एखाद्याला त्यू म्हणणं आणि वू म्हणणं, आणि इंग्रजीत ते समजावता समजावता त्यांची पाच मिनिटं गेली, कारण इंग्रजीत तसा शब्दच नाही. आणि मला एकदम लक्षात आलं की हे तर अरेतुरे करणं आणि अहोजाहो करणं! एक एक शब्द समोर ठेवला तर तंतोतंत. त्यू म्हणजे तू, वू म्हणजे तुम्ही, एकाला आदराने पण तेच आणि अनेकांना पण तेच, आपल्यासारखंच. कुणाला काय म्हणायचं, ओळख वाढली की कधी बदलायचं, स्वतःहून बदललं तर समोरच्याला कसं वाटेल, हे सगळं आपल्याला लहानपणापासून अंगात आहे.

त्या दिवसापासून मी इंग्रजी मधून काढून टाकली आणि थेट मराठीशी जुळवायला लागले आणि खरं सांगते, निम्मं व्याकरण आपोआप सुटलं. विशेषणं नामाप्रमाणे बदलतात, चांगला मुलगा चांगली मुलगी, आपलं रोजचंच आहे. "मी दोन महिन्यांपासून फ्रेंच शिकतेय" हे फ्रेंचमध्ये सुद्धा साध्या वर्तमानकाळातच, जाप्राँ ल फ्राँसे दप्वी द म्वा, दप्वी म्हणजे पासून. इंग्रजीवाल्यांना इथे हॅव बीन वगैरे आठवून ते गाळायला लागतं, आपल्याला जसं आहे तसं ठेवायचं. माझा माझी माझे सारखंच मों मा मे, ज्याची वस्तू तो बाई की पुरुष याच्याशी संबंध नाही, वस्तूच्या लिंगाशी संबंध. फक्त त्याचा आणि तिचा यात आपण मालक पण बघतो, फ्रेंच बघत नाही, "सों लिव्र" म्हणजे त्याचं पुस्तक पण आणि तिचं पुस्तक पण. आणि नाम स्वराने सुरू होत असेल तर मैत्रिणीला सुद्धा मा नाही, "मोनामी", दोन स्वर आपटू नयेत म्हणून.

भूतकाळाचं तर मला फारच नवल वाटलं. जाणं येणं अशा ठरावीक क्रियापदांना मदतीला एत्र (असणं) हे क्रियापद लागतं आणि मग तो गेला, ती गेली सारखं कर्त्याप्रमाणे बदलतं. उच्चार दोन्हींचा "ताले" सारखाच येतो पण लिहिताना ती गेली असेल तर शेवटी एक जादा ई. बाकी बहुतेक सगळ्यांना आव्वार (जवळ असणं), तिथे कर्त्याप्रमाणे बदलत नाही, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं असेल तर कर्माप्रमाणे बदलतं. म्हणजे "मी लिहिलेली चिठ्ठी" अशा रचनेत चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून लिहिलेलं रूप पण स्त्रीलिंगी. वर्गात या नियमावर सगळे वैतागले, मादाम म्हणाल्या की हा नियम 16व्या शतकात क्लेमाँ मारो नावाच्या कवीने इटालियनवरून आणला आणि फ्रेंच लोक सुद्धा यात चुकतात. पण मराठीत मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं, आपण न थांबता कर्माप्रमाणेच तर बदलतो! आपण कर्म आधी येवो नंतर येवो नेहमी बदलतो, ते फक्त आधी आलं तर बदलतात, एवढाच फरक. शाळेत कर्मणी प्रयोग पाठ केला होता तो इतक्या वर्षांनी फ्रेंचच्या तासाला असा उपयोगी पडला.

आकड्यांचं पण तसंच. सगळीकडे 70 ते 99 ची भीती घालतात, 70 म्हणजे साठ-दहा, 80 म्हणजे चार-वीस, 99 म्हणजे चार-वीस-दहा-नऊ, कात्र-वॅं-दीझ-नफ. आता आपल्याकडे जुनी माणसं विसांनी मोजायची की, चार विसा म्हणजे ऐंशी, पाच विसा म्हणजे शंभर. कात्र-वॅं म्हणजे शब्दशः चार विसा. मला हे सुचलं आणि 80 परत कधी अडला नाही. शिवाय ज्यांनी एकोणसत्तर आणि एकोणऐंशी लहानपणी पाठ केलेत त्यांना हे नक्की जमतं. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला सेप्ताँत आणि नव्वदला नोनाँत असे सरळ शब्द आहेत, मादामनी तिथल्या बोलण्याच्या क्लिप आणून ऐकवल्या, पुस्तकात ते कुठेच नव्हतं, पुस्तकातले सगळे लोक पॅरिसमध्येच राहतात. पण आकडे म्हणता येणं आणि ऐकून कळणं यात खूप अंतर आहे. फ्रान्समध्ये फोन नंबर दहा आकडी आणि दोन दोन आकड्यांच्या जोड्या करून सांगतात, स्वासाँत ऐकलं की हात सहा लिहायला जातो आणि पुढे दूझ आलं तर तो 72 असतो, म्हणजे सात लिहायचा असतो. थांबायला शिकायला लागतं. आम्ही यासाठी रोज पाच नंबर लिहून घ्यायचो.

मराठी कुठे उपयोगी पडत नाही ते पण प्रामाणिकपणे सांगते. एक, लिंग. खुर्चीला लिंग असतं याचं आपल्याला काही वाटत नाही, पण आपली लिंगं वेगळी आणि तीन, त्यांची दोन. खुर्ची ती, ला शेझ, जुळलं. खिडकी ती, ला फनेत्र, जुळलं. मग समुद्र तो म्हणून पुल्लिंगी ल लावायला जावं तर ला मेर. चंद्र तो, पण ला ल्यून. आणि आपली नपुंसकलिंगी नामं तर कुठेही जाऊन बसतात, पुस्तक पुल्लिंगी, घर स्त्रीलिंगी, दार स्त्रीलिंगी. इथे मराठीवर विसंबायचंच नाही, शब्द पाठ करतानाच पुल्लिंगी अँ किंवा स्त्रीलिंगी य़ून लावून पाठ करायचा, एकटा शब्द वहीत लिहायचाच नाही. माझ्या वहीत पुल्लिंगी निळ्या पेनने आणि स्त्रीलिंगी लाल पेनने आहेत आणि परीक्षेत मला खरंच रंग आठवायचे. शेवट बघून पण बरंच कळतं, स्यों किंवा ते ने संपणारे बहुतेक स्त्रीलिंगी, माँ आणि आज ने संपणारे बहुतेक पुल्लिंगी, तरी इमाज म्हणजे चित्र आणि प्लाज म्हणजे समुद्रकिनारा हे स्त्रीलिंगीच.

दोन, आर्टिकल. मराठीत ते नाहीतच त्यामुळे ल, अँ आणि द्यू यांत कुठला घ्यायचा याचा कान आपल्याला जन्मजात नसतो. मला पाणी हवंय म्हणताना पाणीच्या आधी "द लो" मधला तो द ल कशाला, थोडं पाणी असा अर्थ असतो म्हणून. आणि नकार आला की तो सगळा गळून नुसता द उरतो. हे मला अजून शंभर टक्के येत नाही आणि सरावाशिवाय येईल असंही वाटत नाही.

तीन, अक्षरांची नावं, आणि इथे दोष आपल्या इंग्रजीचा. आपण ज्याला जी म्हणतो ते फ्रेंचमध्ये जे, आणि ज्याला जे म्हणतो ते जी. ज्याला आय म्हणतो ते ई, आणि ई चं नाव अ सारखं. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगणं ही तोंडी परीक्षेत हमखास येणारी गोष्ट आहे, ते फोनवर सांगतो तसं खडखडीत पाठ करून ठेवा.

दिक्तेबद्दल राहिलंच. दर शुक्रवारी मादाम पाच ओळी सांगायच्या, आधी पूर्ण, मग तुकड्यातुकड्याने, मग परत पूर्ण, आणि आम्ही लिहायचं. वर म्हटलं तसं पार्ले या एका आवाजाची तीन वेगवेगळी स्पेलिंगं होतात, बोलणं, तुम्ही बोलता, आणि बोललेलं, आणि कुठलं लिहायचं ते वाक्याचं व्याकरण कळलं तरच ठरतं. म्हणजे पाच ओळींत ऐकणं, व्याकरण, स्पेलिंग सगळं एकदम तपासलं जातं. पहिल्या दिक्तेत माझ्या 31 चुका होत्या, शेवटच्यात 6. मार्कांना धरत नव्हते तरी मी एकही चुकवली नाही. एकदा एका शब्दावर आय वरची टोपी मी दिली नाही, पुस्तकात होती आणि ऑनलाइन सरावात नव्हती, मला वाटलं चूक धरतील, तर मादामनी सांगितलं की 1990 च्या स्पेलिंग सुधारणेनंतर आय आणि यू वरची टोपी बऱ्याच शब्दांत नाही दिली तरी चालते, दोन्ही बरोबर. अशा प्रश्नाला नीट उत्तर देणारी बाई मिळणं हे पण क्लासचंच मूल्य आहे, ॲपने मला तिथे नुसतं लाल दाखवलं होतं.

घरी काय केलं असं विचारणाऱ्यांसाठी, फार नाही. रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचं सोप्या फ्रेंचमधलं 10 मिनिटांचं बातमीपत्र असतं, ते रोज लावायचं, पहिला महिना शब्दसुद्धा तुटत नाहीत, देशांची नावं तेवढी कळतात, तरी लावायचं. सातव्या आठवड्यात मला एक पूर्ण वाक्य कळलं, पावसाबद्दलचं होतं, मी ते मागे नेऊन परत परत ऐकलं. टीव्ही5 मोंदच्या साइटवर ए1 पासूनचे व्हिडिओ आणि सराव फुकट आहेत, ते आमच्या पुस्तकाच्या ऑडिओपेक्षा कितीतरी चांगले, खरी माणसं खऱ्या वेगाने बोलतात. आणि रोज पाच वाक्यं मोठ्याने, मनातल्या मनात नाही. मनातल्या मनात सगळ्यांचं फ्रेंच चांगलं असतं.

ज्यांना नुसता स्कोअर हवाय त्यांना मार्क मिळतील, पण दिक्ते आणि जोडीतलं बोलणं टाळून मिळवलेल्या मार्कांनी सेमिस्टरनंतर हातात काही उरत नाही, हे मी शेजारी बघितलंय. ज्यांना सेमिस्टरभरात अस्खलित बोलायचंय त्यांनी ती अपेक्षा ठेवू नका, पन्नास तासांत स्वतःची ओळख, घरचे, वेळ, रस्ता विचारणं, काल काय केलं, उद्या काय करणार, एवढं येतं, आणि समोरचा सावकाश बोलला तर कळतं. मला तेवढं येतंय आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

लेव्हल 2 ला नाव घातलंय. तिथे 18 जण आहेत असं ऑफिसमधून कळलं, मादाम त्याच आहेत आणि तोंडी परीक्षा दर पंधरा दिवसांनी आहे. लँग्वेज लॅबच्या हेडफोनसाठी आम्ही 26 जणांच्या सह्यांचा अर्ज दिलाय, तो मंजूर झाला तर इथे येऊन पाचवा स्टार देईन.